ठशाची पाठ

माझ्या नवऱ्याला आठवडाभर पालथं पडून राहावं लागेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा ह्याला बांधून ठेवायची काही सोय आहे का, असं मी विचारलं. त्या हसल्या. मी गंमत करत नव्हते. दोन घासांच्या मध्ये उठून कुठलं तरी पुस्तक चाळून येणारा हा माणूस जमिनीकडे तोंड करून गप पडून राहील, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

ह्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया करून तो जागेवर बसवला आणि डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. पडदा पुन्हा घट्ट धरेपर्यंत बुडबुड्याने तो आतून दाबून ठेवायचा. बुडबुडा वर जातो, म्हणून तोंड खाली ठेवायचं. हा तावातावाने उठून बसला, मान वर करून बोलायला लागला, तर बुडबुडा सरकणार आणि पडदा पुन्हा सुटणार. मग डोळा गेलाच म्हणून समजा, असं बाई म्हणाल्या. डाव्या डोळ्याने ह्याला तसंही धूसरच दिसतं. मला त्यांनी हे सगळं चित्र काढून समजावलं. ह्याला एवढंच सांगितलं की मान वर करायची नाही.

मालिश करणाऱ्यांकडे असतं तसं, तोंडाच्या जागी भोक असलेलं टेबल आम्ही आणवलं आणि आतल्या खोलीत ठेवलं. भोकातून ह्याचा चेहरा खाली, आणि मला वरून दिसायचं ते फक्त टक्कल आणि पाठ. चहा नळीने प्यायचा. बोलणं सगळं फरशीशी. आणि गंमत बघा, हा पडून राहिला. पहिल्या दिवशी चिडचिड केली, दुसऱ्या दिवशी फरशीच्या तुकड्यांतल्या रेघांवर एक छोटं व्याख्यान दिलं, मग शांत झाला. एका जागी बसवेना ते मला. दिवसभर मी ह्या खोलीतून त्या खोलीत, खिडकीपासून दारापर्यंत, उगाचच. हातातलं काम टाकून दुसरं घ्यायची, ते टाकून तिसरं. "अगं, तुझ्या सपाता झिजतील," असं हा खालून म्हणायचा.

कारण नेमकं ह्याच आठवड्यात ह्याचं पुस्तक छापायला जायचं होतं.

आम्ही दोघं एकाच धंद्यातले. मी हित्ती वाचते, हा लुवियन. दोन्ही भाषा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. त्यांची आई मात्र अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. हित्ती राजवाड्यात गेली, दफ्तरात बसली, ओल्या मातीच्या पाट्यांवर खिळे टोचल्यासारख्या खुणांनी लिहिली गेली. लुवियन लोकांच्या तोंडी राहिली. हित्ती कारकून लिहिता लिहिता एखादा लुवियन शब्द आला की बऱ्याचदा त्याच्या आधी दोन छोट्या तिरक्या खुणा टोचायचे, म्हणजे हा शब्द परका आहे हं. पुढेपुढे त्या खुणा इतक्या वाढल्या की राजवाड्यातसुद्धा निम्मे लोक लुवियनच बोलत असणार असं वाटतं. लग्नानंतर ही खूण मी घरात आणली. हा जेवताना फार जड शब्द वापरायला लागला की मी चमच्याने ताटावर दोनदा वाजवायची.

पुढे राजधानी जळाली आणि हित्ती संपली. पुन्हा कोणी तिच्यात एक ओळ लिहिली नाही. लुवियन मात्र छोट्याछोट्या राजांच्या दगडांवर, चित्रांच्या लिपीत, आणखी चारपाच शतकं जगली. "तुझी गेली, माझी राहिली," हे वाक्य मी आमच्या लग्नाआधीपासून ऐकते आहे. माझी कधीकधी तळपायाची आग मस्तकात जायची. पण ते खरं होतं, त्याला काय करणार.

ह्याच्या आयुष्यात एक शोध होता. एकच, पण मोठा. एका संग्रहालयात राजधानी जळाल्यानंतरच्या काळातला, लुवियन लेखाचा एक फुटका दगड आहे. उजवीकडची कड सरळ, डावीकडे तुटलेला. कोणी एक राजा त्यात 'मी अमका, ह्या देशाचा राजा' असं सांगायला लागतो, आणि पुढचं फुटून गेलेलं आहे. दुसरा तुकडा आमच्या सरांनी तरुणपणी एका नदीकाठी पाहिला होता. त्याचा त्यांनी कागदावर ठसा घेतला आणि काही वर्षांनी तिथे धरण झालं. दगड पाण्याखाली गेला, ठसा राहिला. त्या ठशावर एका हित्ती सम्राटाचं नाव आहे, आणि त्याच्या पुढे 'नातू'. ह्याने दोन्ही तुकडे एकमेकांना जोडले. म्हणजे राजधानी जळाल्यावरसुद्धा हित्ती घराण्याचं रक्त ह्या छोट्या राज्यात नांदत होतं. आजोबा हित्ती लिहिणारा, नातू लुवियन लिहिणारा. माझी भाषा जिथे संपली तिथून ह्याची सुरू होते, आणि मधली कडी ह्याच्या हातात. वीसेक वर्षं हा त्या कडीवर काम करत होता. पुस्तकाचं नाव 'नातू'. सहावं प्रकरण त्याचा प्राण, बाकीची पाच त्याच्याकडे जाणारा रस्ता.

मला तो जोड कधी पुरता पटला नव्हता. पटत का नाही, तेही नीट सांगता येत नव्हतं. त्यामुळे मी नाक मुरडायची, आणि हा म्हणायचा की हित्तीवाल्यांना नातवंडांचं कौतुकच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी संपादकांचा फोन आला. हे गृहस्थ आमच्याहून वयाने लहान, कामाला वाघ, पण सतत घाईत. फोनवर त्यांचा श्वास लागलेला असतो. पुस्तक उद्या सकाळी यंत्रावर चढणार होतं. पुढच्या आठवड्यात परिषद, तिथे प्रकाशन, पाहुणे निघालेसुद्धा. संध्याकाळपर्यंत ह्याचा शेवटचा 'हो' हवा होता. आणि एक छोटं काम: मुखपृष्ठावर ठशाचा जो फोटो आहे, त्यात काचेवर दिव्याची रेघ चमकते. फ्रेम उघडून काचेशिवाय एक फोटो काढून पाठवाल का?

ठसा ह्याच्या अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर होता. आमचे सर वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी तो पुठ्ठ्यावर चिकटवून, फ्रेम करून आमच्याकडे पाठवला होता. मी तो उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवला. "काच सांभाळून," आतून आवाज आला. फ्रेम उतरवल्याचा आवाज ह्याला आत ऐकू गेला होता. मागचे खिळे उचकटले, काच बाजूला केली, फोटो काढले, पाठवले. काम संपलं होतं. परत फ्रेम लावायची आणि टांगायची, एवढंच उरलं होतं.

पण माझ्या हाताला चैन नाही. कागदाचा एक कोपरा पुठ्ठ्यापासून सुटला होता. जुना डिंक, दमट हवा. संपादकांचं उत्तर येईपर्यंत मी तो कोपरा नखाने उचलत बसले. जखमेची खपली काढावी तसा तो हळूहळू निघत आला. चिकटवलेल्या बाजूला बारीक बारीक टोचे होते, हजारो. ब्रशच्या केसांचे.

ठसा कसा घेतात ते मला माहीत आहे. सरांच्या हाताखाली आम्ही दोघांनी मिळून कितीतरी घेतले आहेत; आमचं जमलं तेच त्या दगडांपाशी. जाड टीपकागदासारखा कागद भिजवून दगडावर पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने बडवायचा. कागद खाचांमध्ये शिरेपर्यंत बडवायचा, खांदे भरून येतात. कुठे फाटला तर वरून ओल्या कागदाचं ठिगळ लावून पुन्हा बडवायचं. वाळला की सोलून काढायचा. दगडाला लागलेली बाजू ती पोट, ब्रश लागलेली ती पाठ. वाचायचं पाठीवरून, कारण पोटाच्या बाजूने सगळं उलटं दिसतं, आरशातल्यासारखं.

आणि आमच्या ठशाची पाठ पुठ्ठ्याला चिकटलेली होती.

मी आणखी थोडा कोपरा सोडवला. एक ठिगळ दिसलं, त्याच्या पलीकडे दुसरं. दगडाच्या बाजूला ठिगळ लावताच येत नाही. काय झालं असेल ते सरळ डोळ्यांसमोर आलं. दगडावर अक्षरं खोल कोरलेली होती. त्यामुळे कागदाच्या पोटावर ती फुगून आली. फ्रेमवाल्याने बघितलं, एका बाजूला खड्डे, दुसऱ्या बाजूला सुंदर उठाव. कोणीही करेल तेच त्याने केलं. उठावाची बाजू वर ठेवली. आणि संग्रहालयातल्या दगडावरची अक्षरं उठावाचीच आहेत, त्यामुळे ह्यालाही ठसा तसाच असणार हे गृहीत वाटलं.

दुसरी कुठलीही लिपी असती तर उलटी झालेली एका नजरेत कळली असती. ह्या लिपीचं तसं नाही. माणसांची डोकी, बैलांची डोकी, हात, पाय. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, मग नांगर वळावा तशी वळते आणि डावीकडून उजवीकडे येते. चेहरे ज्या बाजूला बघतात त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची. उलटी झाली तर चेहरे दुसरीकडे बघायला लागतात, बस्स. लेख तोच राहतो, शब्द तेच राहतात. बदलतात त्या फक्त कडा. ठशाची सरळ कड डावीकडे आणि तुटलेली उजवीकडे आहे असं हा धरून चालला होता. सुलट धरला की सरळ कड उजवीकडे जाते, तुटलेली डावीकडे. अगदी संग्रहालयातल्या दगडासारखी. चपलांचा जोड म्हणून जपून ठेवलेल्या दोन्ही चपला उजव्या पायाच्या निघाल्या होत्या. शिवाय एकावर अक्षरं उठावाची आणि दुसऱ्यावर कोरलेली, म्हणजे दगडही वेगळे.

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं, आणि पटत का नव्हतं त्याचं उत्तर आता नखाखाली आलं होतं. वीज चमकावी तेवढाच तो आनंद, पण झाला. मग आतल्या खोलीतून हा गुणगुणत असल्याचा आवाज आला आणि तो संपला.

मी उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर पाणी ठेवलं आणि ते का ठेवलं हे विसरून बंद केलं. सांगितलं तर हा उठणार. ह्याचा जन्म उठून बसण्यात गेला आहे. वाचणाऱ्याचा एखादा स्वर चुकला म्हणून हा भर सभेत उठून उभा राहिलेला मी पाहिला आहे. इथे तर आयुष्याचं काम. उठला की डोळा जाणार. आणि नाही सांगितलं तर पुस्तक उद्या छापून निघणार, आणि ह्याच्या नावावर एक मोठी चूक कायमची बसणार.

बसणार तरी का? हा विचार आला आणि मी जागच्या जागी थांबले. दगड पाण्याखाली. ठसा आमच्या घरात, पुठ्ठ्याला चिकटलेला. जगात कोणाला कळणार होतं? टेबलाच्या खणात डिंकाची बाटली होती. ती काढून मी ठशाशेजारी ठेवली. बोटभर डिंक, वर एखादा जड कोश ठेवायचा, की संध्याकाळपर्यंत कोपरा पुन्हा बसला असता. बाटलीचं झाकण उघडलं, तो वास नाकात गेला, आणि मला स्वतःचाच इतका राग आला की झाकण घट्ट लावून बाटली मी पुन्हा खणात टाकली.

स्वयंपाकघराचं दार लावून डॉक्टरीणबाईंना फोन केला. ह्यांना एक वाईट बातमी द्यायची आहे, म्हटलं. धक्का बसला तर डोळ्याला काही होईल का? धक्क्याने काही होत नाही, त्या म्हणाल्या. धक्का बसला की माणूस उठतो, त्याने होतं. रागावू दे, रडू दे, भांडू दे, फक्त पालथं राहून. आणि जमलं तर बातमी दोन दिवस लांबवा.

मग संपादकांना फोन केला. दोन दिवस थांबता येईल का, एवढंच विचारलं. त्यांचा श्वास आणखी लागला. काय झालं, सरांची तब्येत? तब्येत बरी आहे म्हटल्यावर ते एकदम नरम झाले. बाई, यंत्र मिळवायला किती खटपट केली तुम्हाला कल्पना नाही, आता थांबवायचं तर सरांनी स्वतः सांगायला हवं, तुमच्या सांगण्यावरून मी नाही थांबवू शकत. त्यांचंही बरोबर होतं. लेखिका मी नव्हते.

"किती वेळ फोन चाललाय?" आतून हाक आली. "ये की. सहावं राहिलंय."

रोज दुपारी मी ह्याला छापायच्या प्रतीतलं एखाददुसरं प्रकरण वाचून दाखवायची आणि हा फरशीला चुका सांगायचा. सहावं प्रकरण ह्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, ताटातला आवडीचा पदार्थ ठेवावा तसं. मी खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. अर्धं पान ठीक गेलं. हा खाली 'हं, हं' करत होता. दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं: 'दोन्ही तुकड्यांच्या कडा एकमेकींना इतक्या नेमक्या मिळतात की हा योगायोग मानणं अवघड आहे.' कडा मिळत होत्या हे खरं आहे. शोधायला बसलं की काहीही कशालाही मिळतं. मी ते वाक्य वाचलं आणि पुढे तोंडच उघडेना.

पुढचं वाक्य ह्याने स्वतःच म्हटलं, पाठ होतं त्याला. मग तिसरं. आवाजात इतकं सुख होतं की ते मला बघवेना, म्हणजे ऐकवेना. त्याच्या टकलाकडे आणि पाठीकडे बघत मी बसले होते. असल्या गोष्टी माणसाच्या पाठीला सांगायच्या नसतात, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं.

मी बाहेर जाऊन ठसा पुठ्ठ्यावरून पूर्ण सोडवला. दोन ठिकाणी थोडा फाटला, फाटू दे. तो घेऊन आत आले, कागद खुर्चीवर ठेवले, आणि फरशीवर बसून त्या टेबलाखाली सरकले. गुडघे करकरले. उताणी झाले आणि वर बघितलं.

पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट दिसला. उजव्या डोळ्यावर झाकण, चिकटपट्टी. सगळा चेहरा खाली ओघळलेला, पापण्या सुजलेल्या, गाल लोंबलेले. रस्त्यात दिसला असता तर ओळखलाच नसता.

"काय गं, पडलीस का?"

"नाही. आधी टेबलाचे पाय धर. दोन्ही हातांनी."

"कोण गेलं?" तो म्हणाला, पण धरले.

"कोणी गेलं नाही. ठसा उलटा चिकटवलाय. आपण बघत होतो ती पोटाची बाजू आहे."

डावा डोळा माझ्याकडे बघत होता आणि बघत नव्हता. मग त्याने हळू आवाजात एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, विद्यार्थ्याची परीक्षा घ्यावी तसे. ब्रशचे टोचे कुठल्या बाजूला? चिकटवलेल्या. नक्की ब्रशचेच, डिंकाचे बुडबुडे नव्हेत? नव्हेत. ठिगळं? दोन दिसली, दोन्ही त्याच बाजूला. त्यांची कड वर आहे की कागदात बसलेली? बसलेली, वरून बडवलेली. प्रत्येक उत्तरागणिक मला वाटत होतं की ह्याला एखादी फट सापडावी. माझं चुकलेलं असावं.

"दाखव," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे वर उचलले गेले.

मी दोन्ही हात वर करून त्याची मान धरली आणि सगळा जोर लावून खाली ओढली. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्याच्यावर कधी हात टाकला नव्हता. तो वर ओढत होता, मी खाली. टेबल करकरलं. "बघायचं नाही," मी म्हटलं. "हात लाव. हात लावून बघ."

थोड्या वेळाने मानेतला ताठा गेला. मी एक हात सोडवून ठसा त्याच्या बोटांखाली सरकवला. त्याने आधी एका बाजूवरून बोटं फिरवली, मग दुसऱ्या. टोच्यांवरून, ठिगळांवरून, पुन्हा टोच्यांवरून. मग तुटलेल्या कडेवरून शेवटपर्यंत, आणि सरळ कडेवरून शेवटपर्यंत. बोटं थांबली.

"दोन्ही उजव्या बाजूचे," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे आपल्या राजाला आजोबा नाही."

"नाही."

"आणि त्या नातवाला नाव नाही." तो हसल्यासारखं करायला गेला आणि ते जमलं नाही. "सोड आता. उठत नाही मी."

मी मान सोडली. माझ्या गालावर काहीतरी पडलं. डोळ्यात घालायचं औषध ओघळलं असेल असं मला वाटलं. मग दुसरा थेंब पडला, कपाळावर. पालथ्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी गालावरून जात नाही, सरळ खाली येतं. पण आवाज त्याचा अगदी कोरडा होता, त्याच आवाजात त्याने विचारलं,

"तुला आनंद झाला का गं?"

"झाला," मी म्हटलं. "आधी झाला."

"किती वेळ?"

"तू आत गुणगुणत होतास ते ऐकू येईपर्यंत."

तो म्हणाला की त्यालाही झाला असता, माझ्या जागी. बहुतेक जास्त वेळ. आणि मग संपादकांना फोन लावायला सांगितलं.

मी झोपल्या झोपल्याच फोन लावला, आवाज मोठा करून आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्या छातीवर ठेवला. ह्याने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. सहावं प्रकरण काढा, म्हणाला. त्याच्या जागी एक पान येईल, ते मी आत्ता सांगतो. पुस्तकाचं नाव बदलावं लागेल. मुखपृष्ठावरचा फोटोही काढा. संपादकांना आधी काहीच कळेना, मग सगळं कळलं आणि त्यांचा श्वासच बंद झाल्यासारखा झाला. ते विनवायला लागले. पाहुणे, परिषद, यंत्र. नंतर त्यांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नाही तो, खरंच नाही.

"सर, एक विचारू का? दगड पाण्याखाली आहे. ठसा तुमच्या घरात आहे. कोणाला कळणार आहे?"

"हिला कळलंय," हा म्हणाला.

शेवटी संपादक म्हणाले की ठीक आहे, यंत्र थांबवतो, परिषदेला काय सांगायचं ते बघू. ह्याने सावकाश ते एक पान सांगितलं. लेखकाने सुचवलेला जोड चुकीचा आहे. ठसा उलट बाजूने वाचला गेला होता. दोन्ही तुकडे वेगळ्या दगडांचे आहेत. हे कोणाच्या लक्षात आलं, त्यात त्याने माझं नाव घातलं, पदासकट. ते गाळ, असं मी म्हटलं. ते गाळलं तर पान खोटं होईल, असं तो म्हणाला, आणि संपादकांना पुढचं वाक्य सांगायला लागला. सांगताना एकदाही अडला नाही. मधून मधून माझ्या चेहऱ्यावर थेंब पडत होते, फोनच्या काचेवरही एक पडला.

फोन बंद झाल्यावर मी बाहेर सरकायला लागले. पाठ गार पडली होती आणि चहाची वेळ टळून गेली होती.

"थांब जरा," तो म्हणाला. "पाच दिवस नुसती फरशी बघतोय."

मी थांबले. अजून थेंब पडतच होते, आणि मी तोंड बाजूला घेतलं नाही.